लंडन ते पोर्ट डार्विन, व्हाया सोलापूर

रविवार, १ जानेवारी १९३३

पहाटे पाचला लिहायला बसणार होतो. सव्वासात झालेत. थंडी फार. उद्यापासून नक्की.

संकल्प: रोज बारा सूर्यनमस्कार, चहा कायमचा बंद, रोजनिशी नियमित. थोर माणसं रोजनिशी लिहितात. पुढे चरित्र लिहिणाऱ्याची सोय होते.

पेपरात बातमी वाचली. कुणी एक इंग्रज वैमानिक चार फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता लंडनहून एकटा उडणार, तो ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट डार्विनला उतरणार. अंगावर काटा आला. वीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवतोय. लंडन शिकवलं, पोर्ट डार्विनही शिकवलं. पण दोहोंमध्ये मैल किती, विमानाला तास किती, हे अख्ख्या सोलापुरात कुणाला ठाऊक आहे का? नाही. उद्या मी काढतो.

आमच्या सौ. मथुरेनं चहा आणून ठेवला. टाकला तर दुधाचा अपमान. प्यालो.

सोमवार, २ जानेवारी

सूर्यनमस्कार: तीन. गुडघा.

मधल्या सुट्टीत जगाचा मोठा नकाशा भिंतीवर लावला. दोरा महादेवप्पांच्या पेढीवरून आणला. महादेवप्पा सुताचे व्यापारी आणि आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन, तेव्हा दोरा दुसरीकडून आणणं बरं दिसलं नसतं. ते म्हणाले, मास्तर, सूत ओढून धरू नका बरं का, ओढलं की ताणतंय, मैल वाढतील तुमचे. व्यापाऱ्याला शास्त्रातलं काय कळणार? हसून सोडून दिलं.

शिपाई गुरुलिंग याला शिडीवर चढवलं. एक टाचणी लंडनला, एक डार्विनला. दोरा चांगला ओढून बांधला. आणि काय सांगू! दोरा तुर्कस्तानातून, इराणच्या किनाऱ्यावरून, मुंबईला घासून थेट सोलापूरवर! (नकाशात सोलापूर छापलेलं नाही. ते मी तीन वर्षांपूर्वी लाल शाईनं स्वतः घातलं आहे.) टिंब दोऱ्याखाली पार झाकलं गेलं. गुरुलिंगला म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, व्हय की मास्तर, आपलं गाव दोऱ्याखाली गेलं की.

म्हणजे विमान आमच्या डोक्यावरून जाणार. आणि हे आज पृथ्वीवर फक्त दोघांना माहीत आहे. त्यातला एक शिपाई.

एकूण अंतर: दहा हजार तीनशे एकावन्न मैल. एकावन्नाबद्दल मी ठाम आहे.

मंगळवार, ३ जानेवारी

सूर्यनमस्कार: विचारात होतो.

विमानाचा वेग ताशी एकशेवीस मैल, पेपरातच दिलाय. लंडन ते सोलापूर सहा हजार मैल. भागिले एकशेवीस, पन्नास तास. लंडनचे सकाळचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. शनिवारी साडेअकराला निघालं की सोमवारी, सहा फेब्रुवारीला, दुपारी बरोबर दीड वाजता सोलापूर. वीस मिनिटांत गणित खलास. विलायतेत यासाठी ऑफिसं लागतात म्हणे.

गुरुलिंग फळा पुसता पुसता म्हणाला, मास्तर, त्यो माणूस झोपतो कवा? म्हटलं, शूर माणसं झोपत नसतात. तो म्हणाला, बरं, मग त्याल तरी कुटं भरतो? अडाण्याशी काय बोलायचं? तरी शास्त्रीय बुद्धीनं दहा मिनिटं वाढवली. पुन्हा काढून टाकली. दीड म्हणजे दीड.

रविवार, ८ जानेवारी

घरात सांगितलं. मथुरा गवार मोडत होती, ती मोडतच राहिली. पद्मजेनं मात्र लक्ष दिलं. पोरगी हुशार, माझ्यावर गेलीय. मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली. पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी तिनं अर्ज टाकलाय. टाकू दे. मुलाखतीला बोलावतात कशाला.

संध्याकाळी शाळेच्या कपाटातला ग्लोब तिनं मागून आणला. त्यावर दोरा लावून दाखवते मला! म्हणाली, बाबा, पृथ्वी गोल आहे ना, मग सपाट कागदावर सरळ दिसतं ते सरळ नसतं. हे बघा, दोरा रशियातून, चीनमधून जातोय. सोलापूर कुठे? पार खाली. मैलही साडेआठ हजारांच्या आसपासच भरतात. आणि तसंही विमान जिथे तेल मिळतं तिथून जाईल.

मी शांतपणे समजावलं. ग्लोब हे पहिली-दुसरीच्या मुलांचं खेळणं. नकाशा सरकारमान्य. ती म्हणाली, तुमच्या सरकारमान्य नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतंय. म्हटलं, ती छापखान्याची चूक. सरकारची नव्हे.

ग्लोब कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. आज गड्ड्याच्या जत्रेत. तोबा गर्दी. एका फोटोवाल्यानं पुठ्ठ्याचं विमान उभं केलंय, आत बसून फोटो काढून मिळतो. शास्त्राच्या दृष्टीनं बसून पाहिलं. तोंडावर निश्चय आणला. उतरताना धोतर खिळ्यात अडकलं.

लोक जमलेच होते, तेव्हा तिथेच उभं राहून जाहीर केलं. सहा फेब्रुवारी, दुपारी दीड, आपल्या डोक्यावरून खरं विमान! टाळ्या पडल्या. सोजरबाई म्हणून एक पेरूवाली आहे, तिनं विचारलं, मास्तर, फुकट दिसणार की तिकीट हाय? म्हटलं, फुकट. तिचा विश्वासच बसेना.

महादेवप्पा भेटले. म्हणाले, खरं असेल तर कमिटी मांडव घालते. खरं असेल तर! मी म्हटलं, घाला.

चहा: तीन. जत्रेत नियम लागू नाही.

शनिवार, २१ जानेवारी

पुण्याचं कार्ड आलं. पद्मजेला मुलाखतीला बोलावलंय. सोमवार, सहा फेब्रुवारी, सकाळी अकरा.

सहा फेब्रुवारी! वर्षात तीनशे पासष्ट दिवस असताना!

त्या दिवशी पद्मजा मला हवी. घड्याळाकडे बघून सेकंद मोजणारं दुसरं कोण आहे इथे? गुरुलिंगला तास कळतो, मिनिटं कळत नाहीत. पद्मजेला म्हटलं, तू जायचं नाहीस. ती कार्ड छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, दोन वर्षं मी या कार्डाची वाट बघतेय, ही जागा गेली तर मी इथे कुजून जाईन. डोळे भरले होते तिचे.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एकदा विमान गेलं की तिच्या बापाचं नाव मुंबईच्या पेपरात येईल, मग अशा छप्पन शाळा दारात उभ्या राहतील. हे तिला आत्ता कळायचं नाही.

सोमवार, २३ जानेवारी

पुण्याच्या हेडमिस्ट्रेसबाईंना सविस्तर इंग्रजीत पत्र टाकलं. शास्त्रीय अडचण, तरी तारीख पुढे ढकलावी. सोबत नकाशाची प्रत आणि जत्रेतला विमानातला फोटो.

शनिवार, २८ जानेवारी

उत्तर आलं. दोन ओळी. तारीख बदलत नाही. उमेदवार आली नाही तर जागा दुसरीला. फोटो परत.

बाईमाणूस. मथुरेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय बाईंनी. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट मात्र वेळेवर आपटतं.

सोमवार, ३० जानेवारी

मी उगाच पोरीला दोष दिला. रक्त शेवटी आपलंच!

पद्मजा आपणहून आली. म्हणाली, बाबा, एका ठिकाणाहून पाहिलेलं कुणी मानायचं नाही. शास्त्रात दोन साक्षी लागतात. तुमचा दोरा कुर्डुवाडीवरूनही जातो ना? मी तिथे महिपतीमामाकडे जाते, तिथून वेळ टिपते आणि तार करते.

महिपती म्हणजे मथुरेचा भाऊ, रेल्वेत आहे. त्याच्या क्वार्टरला गच्ची नाही, पण अंगण आहे. कुर्डुवाडीला विमान एक वाजून सात मिनिटांनी पोचेल. काय डोकं पोरीचं! मुलाखतीचं नावसुद्धा काढलं नाही. मीच विचारलं, पुण्याचं काय? म्हणाली, त्याची तुम्ही काळजी करू नका.

मथुराही बोलायला लागली. शेंगापोळी केली. शेवटी सत्य पटतं.

गुरुवार, २ फेब्रुवारी

मैदान तयार. वैमानिकाला वरून दिसावं म्हणून जमिनीवर चुन्यानं इंग्रजी मजकूर लिहायचं ठरवलं: आधी माझं नाव, डिग्रीसकट, मग ‘सोलापूर आपलं स्वागत करीत आहे’. अक्षरं पंधरा-पंधरा फुटी. गुरुलिंग दिवसभर वाकून होता. माझं नाव आणि डिग्री झाली, चुना संपला. उरलेलं वैमानिक समजून घेईल.

मांडव उभा राहिला. माढ्याहून, मोहोळहून बैलगाड्या येणार असं कळतंय. महादेवप्पांनी पुन्हा विचारलं, मास्तर, पक्कं ना? म्हटलं, एकावन्नावा मैलसुद्धा पक्का आहे.

रविवार, ५ फेब्रुवारी

काल विमान निघालं! तार आलीय म्हणे मुंबईला. आत्ता, सकाळी आठ, ते माझ्या हिशोबानं तुर्कस्तान ओलांडून गेलं असेल.

पद्मजेला स्टेशनवर पोचवलं. माझं खिशातलं घड्याळ तिला दिलं. वडिलांचं घड्याळ, आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. दोऱ्याचा उरलेला रीळही दिला, लागला तर. ती वाकून पाया पडली. कुर्डुवाडीला जाताना कुणी पाया पडतं का? संस्कार, दुसरं काय.

ट्रंक मात्र बरीच मोठी होती. म्हटलं, एका दिवसाला एवढी? मथुरा म्हणाली, मामाला चटण्या दिल्यात.

सोमवार, ६ फेब्रुवारी

पहाटे. सूर्यनमस्कार: बारा! आजचा दिवस इतिहासात जाणार.

ऊन चढलं. मैदानात. दोन हजार माणूस असेल. सोजरबाईनं पेरूची पाटी आणलीय. कमिटी खुर्च्यांवर. हेडमास्तरांनी टाय लावलाय.

किती वाजले कळत नाही. माझं घड्याळ कुर्डुवाडीला आहे. हे आत्ता लक्षात आलं. हेडमास्तरांचं घड्याळ बंद. महादेवप्पांचं चालू आहे, पण ते अंदाजानं लावलेलं. गिरणीच्या भोंग्यावर भिस्त.

भोंगा झाला. म्हणजे एक किंवा साडेबारा. कुर्डुवाडीहून तार कशी नाही?

बहुधा दीड. सगळ्यांनी माना वर केल्या. निळं स्वच्छ आकाश. एक घार. घारीसाठी टाळ्या पडल्या, मी हातानं थांबवल्या.

थोड्या वेळानं. माना खाली. बायका बसल्या. समोरचा वारा असणार.

आणखी बऱ्याच वेळानं. माढ्याचा एक शेतकरी खांद्यावर घोंगडं टाकून पुढे आला. म्हणाला, मास्तर, तुमी हितं थांबा, आमी जातो, जनावरांस्नी पाणी पाजायचंय. आलं तर सांगा की! लोक फस्सकन् हसले. आजवर माझ्या वर्गात कुणी हसलेलं नाही.

मग तार आली. पोस्टमननं ती सगळ्यांसमोर आणून दिली. मी उभा राहिलो. म्हटलं, कुर्डुवाडीची साक्ष! हेडमास्तरांनी चष्मा लावून मोठ्यानं मराठी करून वाचली: पुण्यास सुखरूप. मुलाखत झाली. घड्याळ बरोबर चालते. पद्मजा.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून गुरुलिंगचा आवाज आला, आँ, ताई इमानानं गेली का काय?

मथुरा बायकांत बसली होती. तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य मुळीच नव्हतं. पेरू खात होती.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

शाळेत गेलो नाही. ताप. (थर्मामीटर मानत नाही.)

विचारांती: विमान दीडला गेलंच. फार उंचावरून गेलं, म्हणून दिसलं नाही. बाजारातल्या दोघांनी घरघर ऐकली आहे. तिथे पिठाची गिरणी आहे हे मान्य, पण गिरणी रोज ऐकू येते, कालच कशी लक्षात आली?

पद्मजेबद्दल काही लिहीत नाही. बापाशी खोटं! मथुरेला म्हटलं, तू फितूर झालीस. ती म्हणाली, हो झाले, आणि पुन्हा होईन. पोरीचं आयुष्य दोऱ्याला बांधून आभाळात सोडायला निघाला होतात तुम्ही. तुम्हाला पोर नको होती, घड्याळ धरायला हात हवा होता.

जेवलो नाही. मग जेवलो.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

शाळेत गेलो. फळ्यावर कुणीतरी विमान काढलं होतं. चांगलं काढलं होतं. पुसायला सांगितलं तर गुरुलिंग म्हणाला, पुसतो की, पण मास्तर, पेपर वाचला का?

वाचला. वैमानिक परवा, बुधवारी, कराचीला उतरला. रोज रात्री मुक्काम करतो. झोपतो. तेल भरतो. पुढे अलाहाबाद, कलकत्ता. सोलापूरचं नाव नाही. म्हणजे आम्ही मैदानात माना वर करून उभे होतो तेव्हा गृहस्थ बगदादच्या आसपास कुठेतरी जेवत होते.

गुरुलिंगनं हे सगळं तीन जानेवारीला विचारलं होतं. तो फळा पुसत राहिला. ते जास्त लागलं.

चेअरमननी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, मास्तर, सूत ताणलं की असंच होतंय. पुढच्या वर्षीपासून मी खालच्या वर्गांना भूगोल शिकवावा असं कमिटीचं मत पडलं. पहिली-दुसरी.

शनिवार, ११ फेब्रुवारी

पद्मजेचं पत्र. तीर्थरूप बाबांना, असं माझ्या नावानं.

जागा मिळाली. सोमवारपासून कामावर. शाळेच्या बोर्डिंगात खोलीही मिळाली. मुलाखतीत बाईंनी विचारलं, लंडन ते ऑस्ट्रेलिया किती लांब, हे मुलींना कसं शिकवाल? हिनं ग्लोब मागितला. दोरा? दोरा तिच्याकडे होता. माझाच रीळ. लावून दाखवलं, मग नकाशावरही लावून दाखवलं, दोन्ही वेगळे का येतात ते सांगितलं. बाई खूश. विचारलं, हे कुणी शिकवलं? वडिलांनी, म्हणाली.

पुढे लिहिलंय: ‘बाबा, हे खोटं नाही. तुम्ही नकाशावर दोरा लावला नसतात तर मी ग्लोबवर लावला नसता. कुर्डुवाडीचं मात्र खोटं होतं. त्याबद्दल रागवा. घड्याळ जपून ठेवलंय.’

मथुरेला दाखवलं. म्हटलं, बघ, शिकवलं कुणी? मी! ती पदरानं डोळे पुसत होती, त्यामुळे मीही वाद वाढवला नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

शाळा बंद. किल्ली माझ्याकडेच होती. ग्लोब काढला, धूळ पुसली, दोरा लावला. रशियातून गेला. टाचण्या बदलून पुन्हा लावला. पुन्हा रशियातून. सोलापूर खाली चार बोटं.

मग सोलापूर ते पुणे लावून पाहिला. दोरा लावायला जागाच नाही. दोन्ही गावं एका नखाखाली मावतात.

गाडीला मात्र दिवस जातो. या वेळी थांबे धरून हिशोब केला. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड. इंजिन पाणी कुठे पितं, गार्ड चहा कुठे पितो, सगळं धरलं. पुढच्या शनिवारी सकाळी निघालो की संध्याकाळी बोर्डिंगच्या दारात. रविवार तिथे. तिला भेटायचं, रागवायचं, मग बाजारात नेऊन काहीतरी घेऊन द्यायचं. अचूक वेळापत्रक. मथुरेला वाचून दाखवलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, छान झालंय. पण पत्राच्या मागच्या बाजूला वाचलंत का?

मागच्या बाजूला दोन ओळी आहेत. ‘पुढच्या शनिवारी आईला माझे राहिलेले कपडे घेऊन पाठवा. बोर्डिंगात फक्त बायकांना राहू देतात.’

वेळापत्रक मथुरेनं घडी घालून पिशवीत ठेवलं. म्हणाली, उपयोगाचं आहे. शनिवारी तिला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर जायचंय. गाडी सकाळी सुटते. पाचला उठावं लागेल.